आकाशाची वाट आणि तारेची वाट

दळणवळणाच्या साधनांचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अमुक वर्षी अमुक यंत्र निघाले, तमुक वर्षी दुसऱ्याने त्याची जागा घेतली, अशी ती वंशावळ असते. या वंशावळीत एक गोष्ट मात्र दृष्टीआड राहते. प्रत्येक यंत्रामागे कोणाचा तरी हात असतो, आणि कोणाच्या घरी काय पोचावे याचा निर्णय तो हात करीत असतो. यंत्र बदलले म्हणजे पुष्कळदा हा हातही बदलतो. उपग्रहावरून येणाऱ्या दूरचित्रवाणीची जागा गेल्या दहा-बारा वर्षांत इंटरनेटवरील स्ट्रीमिंग सेवा, म्हणजे बोलण्यातील ‘ओटीटी’, घेऊ लागल्या आहेत. हे स्थित्यंतर नीट समजून घ्यावयाचे तर बहुसंख्यांच्या घरातून त्याकडे पाहून भागत नाही. कारण बहुसंख्यांची भाषा कोणत्याही साधनाने त्यांच्यापर्यंत पोचतेच. ज्या घराची भाषा उंबऱ्यापाशी संपते आणि रस्त्यावर पाऊल टाकताच दुसरी सुरू होते, अशा घरातून पाहिले म्हणजे त्या हाताची हालचाल स्पष्ट दिसते. बंगळूरच्या पूर्वेकडील के. आर. पुरम हे उपनगर आणि तेथील मराठी घर ही अशा पाहणीस सोयीची जागा आहे.

के. आर. पुरम म्हणजे कृष्णराजपुरम. बंगळूर छावणीतून जोलारपेट्टैकडे जाणारा लोहमार्ग १८६४ मध्ये सुरू झाला. त्याच मार्गावर हे स्थानक आहे. जुना मद्रास रस्ता येथूनच जातो, आणि रूळ ओलांडण्यासाठी बांधलेला, तारांनी तोललेला, २००३ मधील पूल ही आज या भागाची ओळखीची खूण आहे. जवळच दूरवाणीनगर आहे. स्वतंत्र भारताच्या सरकारने १९४८ मध्ये इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, म्हणजे आयटीआय, हा कारखाना तेथे काढला आणि देशाला लागणारे टेलिफोन व त्यांच्या केंद्रांची यंत्रसामग्री तेथे तयार होऊ लागली. येथून काही किलोमीटरवर, जुन्या विमानतळाच्या परिसरात, भारतीय अवकाश संशोधन संस्थेचे उपग्रह केंद्र आहे. देशभर चित्रे पोचविणारे अनेक उपग्रह तेथे घडले. तारेने बोलणे नेणारा कारखाना आणि आकाशातून चित्र उतरविणारे केंद्र, अशा दोन संस्था एकाच शहराच्या एकाच अंगाला, हाकेच्या अंतरावर म्हणावे अशा उभ्या राहिल्या. पुढे चित्रानेही तारेची वाट धरली, आणि या दोन वाटांची गोष्ट खऱ्या अर्थाने सुरू झाली.

या शहरात मराठी भाषा काही आजची पाहुणी नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. जवळजवळ पन्नास वर्षे ते भोसल्यांकडे होते. १६८७ मध्ये मोगलांच्या मार्फत ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजांच्या ताब्यात गेले. परंतु जी घराणी येथे रुजली ती राहिली. पुढे सरकारी कारखान्यांनी, आणि त्यानंतर व्हाइटफील्ड व महादेवपुरा येथील संगणक कंपन्यांनी, पुण्या-मुंबईकडून, सांगली-सोलापुराकडून व नागपुराकडून नवी माणसे आणली. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकात वीस लाखांहून अधिक लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. त्यांतील बहुतेक सीमेलगतच्या जिल्ह्यांतील होते. बंगळुरात ही संख्या पांगलेली असते: एका इमारतीत दोन घरे, दुसरीत एक, तिसरीत एकही नाही. अशा घराला आपली भाषा बाहेरून मागवावी लागते. पूर्वी ती टपालाने, दिवाळी अंकांतून येई; रात्री मध्यम लहरी दूरवर जातात, तेव्हा रेडिओच्या खरखरीतून एखादे मराठी वाक्य कानी पडे. ‘आकाशवाणी’ हे नावच मुळी या राज्याने देशाला दिले. १९३५ मध्ये म्हैसूरला प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या खाजगी नभोवाणी केंद्राचे कार्यक्रम सुरू केले, तेव्हा ते नाव प्रचारात आले.

दूरचित्रवाणीने प्रथम हे अंतर कमी केले नाही, उलट वाढविले. मनोऱ्यावरून निघणाऱ्या चित्रलहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि क्षितिजापाशी त्यांची मजल संपते. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्याच वर्षी सिंहगडावरील मनोऱ्यामुळे ते पुण्यात दिसू लागले. परंतु सिंहगडावरून दिसणारा मुलूख कितीही मोठा असला तरी त्यात बंगळूर येत नाही. बंगळुरात दूरदर्शनचे केंद्र १९८१ मध्ये निघाले, आणि स्वाभाविकपणेच ते त्या राज्याच्या भाषेत बोलू लागले. मनोऱ्याच्या काळात भाषा भूगोलाशी बांधलेली होती. तिला रोखणारा हात डोंगरांचा आणि पृथ्वीच्या गोलाईचा होता, आणि त्याच्याविरुद्ध कोठेही तक्रार करता येत नव्हती.

ही गोलाई ओलांडण्याची युक्ती १९४५ मध्ये आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकाने एका लेखात मांडली होती. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो. म्हणून तो जमिनीवरून स्थिर भासतो, आणि असे तीन उपग्रह जवळजवळ सर्व जगाला पुरे पडतात. हा विचार भारताच्या खेड्यापर्यंत नेण्याचे स्वप्न विक्रम साराभाई यांनी पाहिले. त्यांच्या मृत्यूनंतर, १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत, अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीपासून केलेल्या, सुमारे दहा फुटी छत्र्या शाळांपाशी व पंचायतींपाशी उभ्या राहिल्या. कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा व रायचूर या जिल्ह्यांतील गावे त्यांत होती. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र मात्र नव्हता आणि प्रयोगाच्या भाषांतही मराठी नव्हती.

यातून एक मोठी गोष्ट सिद्ध झाली. उपग्रहाला राज्यांच्या सीमा दिसत नाहीत. विजापूरच्या गावावर पडणारा संदेश सोलापूरच्या गावावरही पडतो. घेण्याचे साधन मात्र हवे. १५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि १९८३ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-१बी या उपग्रहाने त्या जाळ्याला स्थैर्य दिले. तथापि या सामर्थ्याचा पहिला उपयोग झाला तो सर्व देशाला एकाच वेळी मुख्यतः हिंदी व इंग्रजी दाखविण्यासाठी. तंत्र असे होते की कोणतीही भाषा कोठेही नेता यावी. धोरण असे होते की दिल्लीची निवड सर्वत्र न्यावी. डोंगराचा हात दूर झाला आणि त्या जागी शासनाचा हात आला.

शासनाचा हात फार काळ एकटा राहिला नाही. नभोवाणीच्या इतिहासात याचा दाखला पूर्वी मिळालेला होता. १९५२ मध्ये माहितीमंत्री झालेल्या डॉ. बाळकृष्ण केसकरांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवर आवर घातला, तेव्हा श्रोत्यांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळविली. अखेर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करणे भाग पडले. चित्रांच्या बाबतीत हीच गोष्ट १९९१ मध्ये घडली. आखाती युद्धाची दृश्ये दाखविणाऱ्या परदेशी वाहिन्या मोठ्या हॉटेलांतील छत्र्यांनी उतरविल्या. मागोमाग हाँगकाँगहून स्टारच्या वाहिन्या आल्या. त्यांना वाहून आणणाऱ्या एशियासॅट-१ या उपग्रहाचे चरित्र मोठे कुतूहलाचे आहे. १९८४ मध्ये दुसऱ्या नावाने सोडलेला हा उपग्रह योग्य कक्षेत पोचला नाही, म्हणून अवकाशयानातून गेलेल्या अंतराळवीरांनी त्याच वर्षी तो पकडून परत आणला, आणि डागडुजीनंतर १९९० मध्ये तो पुन्हा आकाशात गेला. १९९२ मध्ये झी ही हिंदी वाहिनी याच उपग्रहावरून दिसू लागली. त्याच वर्षी इन्सॅट-२ए हा या मालिकेतील पहिला स्वदेशी उपग्रह आकाशात गेला; तो बंगळुरातच घडलेला होता.

मराठीला आकाशातील स्वतःची जागा यानंतर मिळाली. दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी १९९४ मध्ये सुरू झाली आणि २००० मध्ये तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. १९९९ मध्ये अल्फा मराठी आली; हीच पुढे झी मराठी झाली. २००० मध्ये ई टीव्ही मराठी आली. आता के. आर. पुरमच्या आकाशातून मराठी अक्षरशः पाझरत होती. परंतु आकाश आणि घर यांच्यामध्ये एक नवा माणूस उभा होता. तो म्हणजे केबलवाला. गच्चीवरची मोठी छत्री त्याची, तेथून गल्लीत खांबाखांबांवरून लोंबणारी तार त्याची, आणि त्या तारेत कोणत्या वाहिन्या सोडावयाच्या हा निर्णयही त्याचाच. जुन्या पद्धतीच्या केबलमध्ये फार तर शंभराच्या आतबाहेर वाहिन्या मावत, आणि पुष्कळ ठिकाणी त्याहून कमी. जागा मर्यादित असली की ती बहुमताने वाटली जाते. ज्या गल्लीत कन्नड, तमिळ, तेलुगू व हिंदी बोलणारी शेकडो घरे आणि मराठी बोलणारी चार, तेथे मराठी वाहिनीसाठी जागा अडविणे व्यापाराच्या दृष्टीने शहाणपणाचे नव्हते. १९९५ च्या केबल कायद्याने काही सरकारी वाहिन्या दाखविणे बंधनकारक केले. २००० च्या दुरुस्तीने त्यांत प्रादेशिक भाषेतील वाहिनीची भर पडली; पण ती त्या त्या राज्याची, आणि तसे असणे रास्तच होते. मराठी घराला उरली ती केवळ विनंती.

याच सुमारास न्यायालयाने एक मूलगामी विचार मांडला. एका क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये निर्णय दिला की, ध्वनिलहरी व चित्रलहरी ज्या आकाशमार्गाने जातात तो मार्ग सार्वजनिक मालमत्ता आहे. त्याच्यावर शासनाचीही एकाधिकारशाही असू नये आणि धनिकांचीही. न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे त्या पीठावर होते. श्रोत्याचा व प्रेक्षकाचा हक्क हा वाहिनीच्या मालकाच्या हक्काइतकाच, किंबहुना त्याहून मोठा आहे, हे सूत्र या निर्णयातून पुढे आले. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे चित्राची वाट जेव्हा बदलली तेव्हा या सूत्राची पकडही सैल झाली.

घराघरावर स्वतःची लहान छत्री लावण्याच्या सेवेस, म्हणजे डीटीएचला, सरकारने १९९७ मध्ये मनाई केली आणि २००० च्या अखेरीस ती उठविली. २००३ मध्ये पहिली खाजगी सेवा सुरू झाली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने मासिक वर्गणी नसलेली आपली सेवा काढली, आणि २००६ नंतर इतर कंपन्या मैदानात उतरल्या. सुमारे दोन फूट व्यासाची ही छत्री परक्या मुलखातील मराठी घराला फारच उपकारक ठरली. गल्लीत आपली भाषा बोलणारे किती, हा प्रश्नच तिने निकालात काढला. सोलापुरात उतरणाऱ्या त्याच वाहिन्या, त्याच क्षणी, के. आर. पुरमच्या सज्जात उतरू लागल्या. मुसळधार पावसात लहरी क्षीण होऊन पडदा काळा पडे, हा एक दोष. परंतु पाऊस थांबला की चित्र परत येई. नंतर केबलचेही अंकीकरण झाले. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात मार्च २०१३ अखेरची मुदत दिलेल्या ३८ शहरांत बंगळूरचा समावेश होता. त्यामुळे तारेतील जागेची टंचाईही बरीच संपली. उपग्रह दूरचित्रवाणीचा हा बहरकाळ म्हणता येईल.

या बहरकाळाचे घरातील रूप कसे होते, हे येथे नमूद केले पाहिजे. घरात एक संच असे आणि तो मधल्या खोलीत असे. संध्याकाळी सात-साडेसातपासून मालिका सुरू होत, आणि घरातील ज्येष्ठ मंडळी त्या पाहत. नातवंडे तेथेच अभ्यास करीत, खेळत, जेवत. त्यांची शाळा इंग्रजी, खेळगडी कन्नड वा हिंदी बोलणारे. त्यांनी मराठी वाहिनी कधी मागून घेतली नसेल. पण ती त्यांच्या कानावर पडत होती. नणंद, जाऊ, माहेर, ओवसा, हळदीकुंकू असे शब्द, रागाचे आणि लाडाचे सूर, म्हणी आणि टोमणे हे सर्व न शिकविता कानांत शिरत होते. भाषा टिकते ती पुष्कळ अंशी अशा न मागितलेल्या ऐकण्यावर. परप्रांतातील घरात हे काम पूर्वी आजी करीत असे. काही वर्षे ते आजी आणि दूरचित्रवाणी मिळून करीत होत्या.

फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दरपद्धती अमलात आली. पहिल्या शंभर वाहिन्यांच्या वहनासाठी करांखेरीज जास्तीत जास्त १३० रुपये, आणि त्यावर प्रत्येक सशुल्क वाहिनीची स्वतंत्र किंमत, अशी ती रचना होती. प्रेक्षकाने जे पाहावयाचे त्याचेच पैसे द्यावेत हा तिचा हेतू न्याय्य होता. पण परक्या भाषेच्या प्रदेशात राहणाऱ्याला तिचा अर्थ निराळा लागला. मुलांसाठी कन्नड व इंग्रजी, सर्वांसाठी हिंदी, आणि आजी-आजोबांसाठी मराठी, अशा प्रत्येक भाषेचा आकडा आता पावतीवर वेगळा दिसू लागला. आजवर घरात सहज वावरणारी भाषा खर्चाची एक बाब झाली, आणि खर्चाच्या बाबीला काट मारता येते.

इतक्यात तारेची वाट तयार झालेली होती. तिचा आरंभ पाहावयाचा तर पुन्हा दूरवाणीनगराकडे वळावे लागते. १९४८ मध्ये कारखाना निघाला तेव्हा सबंध देशात एक लाखही टेलिफोन नव्हते. इंग्लंडमधील कंपनीच्या सहकार्याने तेथे यंत्रे होऊ लागली. चाळीस वर्षे मागणी पुरवठ्याच्या पुढे धावत राहिली, आणि टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबणे हे मध्यमवर्गाच्या आयुष्यातील एक पर्व होते. १९९१ नंतर स्पर्धा आली आणि कारखान्याला उतरती कळा लागली. तथापि ज्या तारेची त्याने पायाभरणी केली तिचे महत्त्व वाढतच गेले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. ते टेलिफोनच्याच तारेवरून, कर्कश सूर काढीत, येई. २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट हा वेग ‘ब्रॉडबँड’ म्हणून पुरेसा मानला गेला होता. आजच्या एका साध्या चलच्चित्रालाही तो पुरणार नाही. गंमत अशी की बंगळुरात संगणकीय माहितीने पहिली मोठी झेप घेतली ती आकाशमार्गानेच. १९८५ मध्ये येथे आलेल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने परदेशाशी माहितीची देवाणघेवाण करण्यासाठी उपग्रहाची छत्री बसविली होती. पुढे माहितीच्या मुख्य प्रवाहाने काचतंतूंच्या तारेची वाट धरली, आणि चित्र तिच्या मागोमाग गेले.

स्ट्रीमिंगची क्रिया प्रक्षेपणाहून मुळातच वेगळी आहे. उपग्रह एकदाच बोलतो आणि छायेखालील सर्वजण ऐकतात. ऐकणारे दहा असोत वा दहा कोटी, त्याला अधिक श्रम पडत नाहीत, आणि कोण ऐकते हे त्याला कळतही नाही. स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक घर स्वतंत्र मागणी करते. चित्रपटाचे काही सेकंदांचे तुकडे करून ते निरनिराळ्या दर्जांत साठविलेले असतात. शहरातील वा जवळपासच्या साठवण-संगणकातून ते एकामागून एक पाठविले जातात, आणि तार मंदावली की कमी दर्जाचा तुकडा येतो. चित्र काळे पडत नाही, धूसर होते. भारतात हॉटस्टार २०१५ मध्ये, नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये आणि प्राइम व्हिडिओ त्याच वर्षाच्या अखेरीस आले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यावर मोबाइलवरील डेटाचे दर कोसळले. २०१८ मध्ये झी५ निघाले, आणि मराठी मालिका वाहिनीच्या वेळेशिवायही पाहता येऊ लागल्या. २०२० च्या साथीच्या काळात माणसे घरांत कोंडली गेली, तेव्हा ही सवय पक्की झाली. २०२० च्या अखेरीस सशुल्क डीटीएचचे सक्रिय ग्राहक सात कोटींच्या घरात होते. २०२५ च्या आरंभी ते सहा कोटींच्या खाली आले.

या बदलाने मराठीला काय दिले, हे निःपक्षपातीपणाने सांगितले पाहिजे. सर्वांत मोठी देणगी म्हणजे संख्येच्या जाचातून सुटका. के. आर. पुरममध्ये मराठी घर एक आहे की हजार, याच्याशी साठवण-संगणकाला कर्तव्य नाही. वाहिनीला संध्याकाळचा एकेक अर्धा तास मोजून वापरावा लागे, त्यामुळे बहुतांना रुचेल असेच दाखवावे लागे. येथे वेळेची टंचाई नाही. २०१६ पासून भाडिपासारख्या तरुण मंडळींनी यूट्यूबवर शहरी, चटपटीत, वाहिन्यांवर दुर्मिळ असलेली मराठी आणली. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरील ‘समांतर’ ही मालिका २०२० मध्ये थेट इंटरनेटवर आली. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ हा मराठी चित्रपट २०२० मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचे पारितोषिक मिळवून २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवरून जगभर गेला. खाली उमटणाऱ्या उपशीर्षकांमुळे शेजारच्या कन्नड घरालाही तो पाहता आला. उपग्रहाच्या काळात मराठी वाहिनी मराठी घरापुरतीच राही. शेजाऱ्याला तिच्यात वाट नव्हती. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात ध्वनिचित्रफिती महाग म्हणून पुसून पुन्हा वापरीत, त्यामुळे पुष्कळ चांगले कार्यक्रम कायमचे गेले. जे वाचले त्यांतील काही आता सह्याद्रीच्या यूट्यूब पानावर केव्हाही पाहता येतात.

हे सर्व खरे असूनही एक हानी झाली आहे, आणि ती मोजपट्टीत सापडत नाही. स्ट्रीमिंग मागणाऱ्याला देते. न मागणाऱ्याच्या कानावर काही पडू देत नाही. मधल्या खोलीतील एका संचाची जागा चार हातांतील चार पडद्यांनी घेतली आहे, आणि कानांत श्रवणिका आहेत. आजी आपल्या मोबाइलवर मराठी पाहते, तिला ते पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक मिळते. परंतु शेजारी बसलेल्या नातवाला त्यातील एक शब्दही ऐकू येत नाही. मागील पाहण्यावरून पुढचे सुचविणारे गणित नातवाला इंग्रजी वा कोरियन सुचविते, कारण त्याने मराठी कधी मागितलेलीच नसते. अशा रीतीने एकाच घरात मराठीची विपुलता आणि मराठीचा अभाव एका भिंतीच्या आत नांदू शकतात. संख्येच्या जाचातून सुटलेली भाषा घरातील प्रत्येकाच्या इच्छेवर अवलंबून राहिली. निर्णयाचा हात प्रथम डोंगराचा, मग शासनाचा, मग केबलवाल्याचा होता. तो अखेर घरातच आला, आणि सुचविणाऱ्या गणिताने त्याचे बोट धरले.

दुसरी बाजू सार्वजनिक हिताची आहे. छत्रीने चित्र उतरविणाऱ्याला आपले नाव सांगावे लागत नाही. वर्गणी नसलेल्या सेवेवर सह्याद्री पाहणाऱ्याने एकदा छत्री व पेटी विकत घेतली की त्याच्यापाशी कोणी काही मागत नाही. स्ट्रीमिंगसाठी खाते लागते, संकेतशब्द लागतो, बहुधा वर्गणी लागते, आणि काय किती वेळ पाहिले याची नोंद होते. कंपन्या एकत्र होतात, नावे बदलतात, हक्कांची मुदत संपली की चित्रपट यादीतून नाहीसे होतात. २०२३ चा आयपीएल क्रिकेट हंगाम मोबाइलवर विनामूल्य दाखविला गेला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरातील विश्वचषकाचा अंतिम सामना एका वेळी सुमारे पाच कोटी नव्वद लाख उपकरणांवर पाहिला जात होता. मोठ्या गर्दीलाही तार पुरी पडते, हे त्यातून सिद्ध झाले. परंतु विनामूल्य हा व्यापाराचा डाव होता, हक्क नव्हता. १९९५ च्या निर्णयाने आकाशमार्ग सार्वजनिक ठरविला. तार मात्र ज्याने घातली त्याची. २०२१ मध्ये या सेवांसाठी शासनाने नियम केले, पण त्यांचा रोख आशयाच्या आचारसंहितेवर व तक्रारींवर आहे. कोणती भाषा कोणापर्यंत पोचावी, याविषयी ते मुके आहेत.

म्हणून जुने ते सोने असे म्हणून छत्रीकडे परत जाण्याचा आग्रह धरणे अयोग्य होईल. आणि तारेने सर्व प्रश्न सुटले असे मानणेही भाबडेपणाचे होईल. सार्वजनिक प्रसारणाचे जे तत्त्व आकाशात प्रस्थापित झाले, त्याला तारेतही स्थान मिळवून देणे, हे पुढील काम आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने ‘वेव्हज’ ही आपली स्ट्रीमिंग सेवा सुरू केली, ती या दिशेची सुरुवात म्हणता येईल. तिच्यावर राज्याबाहेरील मराठी घराला, तसेच महाराष्ट्रातील कन्नड वा तेलुगू घराला, आपल्या भाषेचे चांगले कार्यक्रम वर्गणीशिवाय मिळत राहिले, तर उपग्रहाने जे सहज दिले ते टिकेल.

उरलेले काम मात्र कोणतीही संस्था करू शकणार नाही. मधल्या खोलीतील संच संध्याकाळी अर्धा तास सर्वांसाठी एकच असावा, त्यावर घराची भाषा मोठ्याने बोलली जावी आणि जेवणाच्या पानांवर तिच्याविषयी दोन शब्द व्हावेत, ही तजवीज घरालाच करावी लागेल. मनोरा, उपग्रह आणि केबल यांच्या काळात परप्रांतातील घराला भाषा मिळणे कठीण होते, पण मिळाली की ती सर्वांना मिळे. आता मिळणे सोपे झाले आहे, आणि सर्वांनी मिळून ऐकणे कठीण. के. आर. पुरममधील मराठी मुलाला पंधरा-वीस वर्षांनी आपल्या आजीचे बोलणे किती समजेल, हे तारेच्या वेगावरून ठरणार नाही. ते त्या अर्ध्या तासावरून ठरेल.